फ्रेश केलेला माल

(अंजूर. घराची मागची पडवी. उन्नती आरशासमोर बसली आहे, गालांवर लाल चट्टे. मोठी बहीण मेघाली नुकतीच गोडाऊनच्या ड्युटीवरून आली आहे. आई, गोदू, खाडीतल्या निवट्या मासळी साफ करते आहे.)

मेघाली : शी! कसला घाण वास आहे हा! फेक ती बाटली.

उन्नती : फेकू कशी? टोनर आहे तो, ताई. आधी फेसवॉश, मग टोनर, मग क्रीम. टोनर नाही लावला तर बाकीचं सगळं वाया. रीलवाली रोज सांगते.

गोदू : माझ्या हातान मासळी हाय, तरी तुझाच वास येतंय. इतकी वर्सं नुसतं पानी मारायचीस, तवा काय तोंड गळून परलं व्हतं?

उन्नती : आई, रविवारी साखरपुडा आहे माझा! कुणालकडचे पन्नास जण येणार, फोटो काढणार.

मेघाली : आणि तू हे गाल घेऊन बसणार? टोनरवाचून कुणाचं अडत नाही. तोंड धुवायचं, क्रीम लावायचं, झालं.

उन्नती : सुरुवातीला चुरचुरतंच. मग चेहरा फ्रेश होतो.

मेघाली : तो शब्द काढू नकोस माझ्यासमोर. किळस येते.

उन्नती : कसली किळस? फ्रेशची?

मेघाली : आमच्या गोडाऊनमध्ये 'फ्रेश करणं' म्हणजे काय, ठाऊक आहे? तारीख उलटून गेलेला क्रीम-टोनरचा माल येतो. थिनरच्या फडक्याने तारीख पुसायची, दोन वर्षं पुढची मारायची. लोकांनी वापरून परत पाठवलेल्या बाटल्याही येतात. दोन अर्ध्या ओतून एक भरायची, वर नवं सील. सुपरवायझर बोंबलत फिरतो, 'चलो, दो सौ पीस फ्रेश करो!'

गोदू : लोकांचं उष्टं? तोंडाला? थू!

उन्नती : पण हा मी ऑनलाइन मागवलाय. अर्ध्या किमतीत होता, तरी सील होतं.

मेघाली : खोका कुठाय? बुडाला गोल स्टिकर आहे का बघ.

उन्नती : आहे. टी सात... म्हणजे काय, ताई?

मेघाली : टी म्हणजे टेबल. सात नंबरचं टेबल माझं.

उन्नती : तुझं? म्हणजे हा तू भरलास?

मेघाली : मला काय माहीत, आपल्याच घरी येईल म्हणून!

उन्नती : दुसऱ्याच्या घरी गेला असता तर चाललं असतं?

गोदू : कवापासून करतंस ह्यो धंदा?

मेघाली : दिवाळीपासून. सगळ्याच करतात, आई. नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतात. उन्नती, इकडे ये. गार पाण्याचा फडका ठेवते गालावर.

गोदू : तिच्या तोंडाला हात लावू नको. आधी हात धू.

मेघाली : धुतलेत, आई. आल्याआल्या धुतले.

गोदू : परत धू.