बाळदा ऑनलाइन आहे

नाही, पण मला एक सांगा, गेलेल्या माणसाने ऑनलाइन यायचं म्हणजे काय? काही रीतभात आहे की नाही? मी स्वतः खांदा दिलाय हो! मुलुंडच्या स्मशानात भर उन्हात उभा होतो, पायाला चटके बसत होते, सगळं डोळ्यांनी बघितलंय... आणि तुम्हाला सांगतो, तेरावं उरकून थोडे दिवस झाले नाहीत तोच, मी आपला घरी विक्रोळीला, दुपारची जेवणाची सुट्टी, वर्क फ्रॉम होम, ताट मांडीवर, सहज गेम चालू केला, आणि मित्रांच्या यादीत नाव हिरवं! बाळ पेडणेकर. ऑनलाइन. आमटीची वाटी सरळ कीबोर्डवर!

थांबा, तुम्हाला बाळदा कुठे माहितीये! आम्ही एका कंपनीत होतो, मी स्टोअरमध्ये, तो क्वालिटीत. माझ्यापेक्षा चांगला मोठा, म्हणून बाळदा. क्वालिटीतला माणूस म्हणजे कसा, तर वडापाव हातात दिला तरी आधी फिरवून बघणार, मग खाणार. निवृत्त झाला, पोरं नाहीत, घरी हा आणि कुंदावहिनी. करायचं काय दिवसभर? तर मीच त्याला हा गेम दाखवला. अवकाशातला गेम आहे, जगभरची माणसं आपापली यानं घेऊन एकाच वेळी हिंडत असतात. बाकीची जनता तिथे मारामाऱ्या करते, ढिशक्यांव ढिशक्यांव! आम्ही दोघं शोधायचो. हरवलेली यानं, पडकी अवकाशस्थानकं, असलं काहीबाही.

आता हे शोधायचं कसं? प्रोब सोडायचे. प्रोब म्हणजे लहान लहान यंत्रं, आठ. ती चहूकडे पसरायची, मग ती ऐकतात आणि सांगतात, अमुक दिशेला काहीतरी आहे बुवा. खोलीत मच्छर असतो ना, गुणगुण ऐकू येते पण कुठाय ते कळत नाही, अगदी तस्सं! लाल ठिपका दिसतो, तो नुसता अंदाज असतो. प्रोब त्याच्याभोवती आणायचे, टापू अर्ध्यावर आणायचा, परत ऐकायचं. ठिपका पिवळा होतो. परत अर्धं. हिरवा झाला की सापडलं. माझं काय व्हायचं? मला घाई! एकदम मोठ्या टापूवरून खाली उडी, की सिग्नल गायब! लगेच हेडफोनमध्ये बाळदाचा तो खर्जातला आवाज : "सिद्ध्या, अर्धं कर रे. उडी नको मारू. अर्धं कर." वरून बघून ठिपक्यावर प्रोब बरोबर बसलेत असं वाटायचं, की हा म्हणायचा, "आता बाजूने बघ." बाजूने बघतो तर काय, प्रोब अंधेरीत आणि ठिपका ट्रॉम्बेला! मीच शिकवला गेम, आणि वर्षभरात हा माझा मास्तर. यानाचं नाव काय ठेवलेलं माहितीये? 'चेकनाका'! अख्ख्या ब्रह्मांडात मुलुंडचा चेकनाका फिरत होता.

आणि एक दिवस भाजी आणायला गेला, दुधी हातात घेतला, फिरवून बघितला... आणि तिथेच बसला. संपलं.

तर ते नाव हिरवं झालं. मी लिहिलं, 'कोण आहे?' उत्तर नाही. 'बाळदा?' उत्तर नाही. थोड्या वेळाने नाव विझलं. दुसऱ्या दिवशी दुपारी परत हिरवं! तिसऱ्या दिवशी परत! बायको म्हणाली, "कोणीतरी अकाउंट ढापलं असेल, वहिनींना फोन कर." अगं, फोन करून विचारू काय? 'वहिनी, बाळदा आज जरा लवकर ऑनलाइन आला, सगळं ठीक ना?' असं विचारू? त्या बिचारीवर काय बेतलंय, आणि मी हे विचारू?

आमचे आप्पा पलीकडे पेपर वाचत होते. आप्पा म्हणजे वडील, धोंडू सावंत, मूळचे कणकवलीकडचे, भुताखेतांच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. पेपर खाली. "अरे, इच्छा रव्हली हा तेची. अडाकलो तो. नारळ हाड." म्हटलं, नारळ कशाला आणू आप्पा, हा कंप्युटर आहे! "मगे? कंप्युटराक गाऱ्हाणा चलत नाय?" आणि ठेवला नारळ मॉनिटरसमोर, हात जोडले आणि सुरू! "बा देवा म्हाराजाऽऽ! ह्यो जो कोण आत्मो ह्या डब्यात अडाकलो आसा, तेका वाट दाखव रे म्हाराजाऽऽ!" आता गाऱ्हाणं चालू असताना गप्प बसता येतं का? मागून हो म्हणायचं अंगवळणी पडलंय ना! मी पण खच्चून ओरडलो, "व्हय म्हाराजाऽऽ!"... आणि ऑफिसची मीटिंग चालू होती. म्यूट करायला विसरलेलो. आमच्या साहेब, ऋता मॅडम म्हणतात, "थँक्यू सिद्धेश! बाकी कोणी तयारच नव्हतं शनिवारी यायला." वाट लागली!

नारळ फुटला, शनिवार गेला, नाव काही विझेना. रोज दुपारी हिरवं. आणि खरं सांगू? पहिल्यांदा भीती वाटली, मग राग आला, आणि मग... मग मी वाट बघायला लागलो हो. ताट घेऊन बसायचं आणि त्या नावाकडे बघत जेवायचं. बायको बघायची नि आमटी वाढून जायची. पण मनात किडा वळवळतोच ना, की आतमध्ये आहे कोण?

शेवटी म्हटलं, शोधतो. आमचा एक ठरलेला कोपरा होता, निळसर तारा, आजूबाजूला चिटपाखरू नाही, गप्पा मारायला आम्ही तिथे थांबायचो. तिथे गेलो. त्या टापूत कोण कोण आहे त्यांची नावं बाजूला दिसतात. दोनच नावं. माझं आणि त्याचं.

तुम्हाला सांगतो, भर दुपारी, बाहेर भंगारवाला ओरडतोय, कुकरची शिट्टी होतेय, आणि मी गेलेल्या माणसाला शोधतोय! प्रोब सोडले. घाईघाईत पहिल्याच फटक्यात उडी मारली, सिग्नल गायब. डोक्यात आवाज आलाच, "अर्धं कर." परत पसरले. ओळखीचे ठिपके एकेक करून बाजूला काढले, हा लघुग्रह, हे जुनं भंगार, तुझं काय काम, चल हट! उरला एक. लाल. अर्धं कर. लालच. अर्धं कर, बाजूने बघ, जरा खाली घे... पिवळा. आणि तिथे थांबलो. माउसवर बोट, पण दाबवेना. कारण दाबलं आणि कोणी भलताच चोर निघाला, तर? तर बाळदा परत एकदा गेला ना! खांदा एकदा दिला, परत परत कोण देणार?

आप्पा मागे येऊन उभे राहिलेले. म्हणाले, "दाब. जा काय आसात ता आसात."

अर्धं केलं. हिरवा!

यान वळवलं, गेलो. आणि समोर... चेकनाका. दिवे लावून, एकटंच, जागच्या जागी उभं. पुढे नाही, मागे नाही. मी लिहिलं, 'बाळदा?' काही नाही. मी आपला त्या यानाला एक फेरी मारली. आणि खाली, जिथे समोरच्याचं टायपिंग अक्षर-अक्षर दिसतं तिथे, एक अक्षर उमटलं. मग खोडलं. मग दुसरं. देवा शप्पथ सांगतो, आप्पांनी माझा खांदा असा धरला की वळ उठले. आणि मग आलं, एकेक अक्षर शोधत शोधत : 'सिद्धेश भावजी, तुम्ही आहात का?'

कुंदावहिनी!

मी फोनच लावला, स्पीकरवर. उचलला त्यांनी, मागून मेथीची जुडी निवडल्याचा आवाज. म्हटलं, वहिनी, अहो रोज तुम्हीच? तर म्हणतात कशा, "हो ना. हे आतल्या खोलीत बसायचे ना दुपारी, तेव्हा त्या यानाची घरघर भिंतीतून यायची. मला तिच्यातच झोप लागायची बघा. हे गेल्यावर घर इतकं गप्प झालं, की फ्रिज चालू झाला तरी दचकायला व्हायचं. मग एक दिवस ह्यांच्यासारखंच बटण दाबलं. घरघर आली. तेवढीच लावून ठेवते. कशाला हात लावत नाही हं, ह्यांचं बिघडायला नको."

अहो, मग मी एवढं लिहीत होतो, त्याला उत्तर का नाही दिलं?

म्हणाल्या, "तुम्ही 'बाळदा, बाळदा' लिहिता. मी मध्येच 'मी कुंदा' कसं लिहू? म्हटलं, तुम्हालापण बरं वाटत असेल. असू दे."

आप्पा तिकडे तोंड फिरवून चष्मा पुसत बसले.

तेव्हापासून आम्ही ठरवून भेटतो दुपारी. मी तिथे जाऊन त्यांच्या शेजारी यान उभं करतो. त्या मेथी निवडतात, मी जेवतो. सगळं उलगडलं ना आता? भूत नाही, चोर नाही, काही नाही. मला पक्कं ठाऊक आहे, पलीकडे वहिनीच असतात.

फक्त मागच्या आठवड्यात काय झालं... आप्पांना बरं नव्हतं, डॉक्टरकडे धावपळ, दोन-तीन दिवस मी फिरकलोच नाही. मग गेलो. प्रोब सोडले, घाईत परत चुकलो, परत पसरले. आणि खाली एक ओळ उमटली, धडाधडा, एकदाही न अडखळता : 'अर्धं कर रे. आप्पा कसे आहेत? तू जेवलास का?'

वहिनी मला पहिल्यापासून 'भावजी, तुम्ही' म्हणत आल्यात हो. कधी चुकूनसुद्धा 'तू' नाही.

वहिनीच असणार. दुसरं कोण? टाइप करायला शिकल्या असतील, गंमत केली असेल, मला बरं वाटावं म्हणून... वहिनीच! फोन करून विचारायचं? उचलला फोन. नंबर काढला. आणि ठेवून दिला.

म्हटलं, जाऊ दे ना यार. लिहिलं, 'आप्पा बरे आहेत. जेवतोय.'