राखून ठेवलेली माळ

सरकारी दवाखान्यातल्या नव्या लॅबच्या खिडकीआड तंत्रज्ञ आरोही मशीनसमोर उभी होती. बाहेरच्या बाकड्यावर तेरखेड्याचे बब्रुवान आणि मथुराबाई, दोघं नवरा-बायको, बोलत होते.

“अवो, पिशवीत काय आणलंय?”

“फटाक्याची माळ.”

“माझा बेडका तपासायला आलाव का वरातीला?”

“बजेटात लॅब मंजूर झाली तवाच लावणार हुतो. तूच हात धरलास.”

“धरणारच! दर बजेटला मंजूर व्हायची, दर बजेटला तुमी माळ लावायचात. अन् माझा बेडका एस्टीनं लातूरला जायचा, उन्हात नासायचा, पुन्हा द्या म्हणायचे. तुमच्या धुरानं खोकला तेवढा वाढला.”

“म्हणून तर ही राखली. रिपोर्ट हातात पडल्याबिगर वात पेटवायची न्हाय, तूच म्हणलीस.”

“मग पडला का?”

“पडंल की. सकाळी बेडका दिला, इथंच मशीन हाय.”

“अन् टीबी निघाली तर?”

“तर दवा बी इथंच सुरू. माळ तरी बी लावणार.”

आरोहीनं छापलेला कागद उचलला आणि खिडकीतून मोठ्यानं हाक दिली.

“मथुराबाई! टीबी नाही, आजी!”

“ऐकलं का? बघत काय बसलाव, उठा!”

“आजोबा, इथं नको, गेटाबाहेर लावा. आणि थांबा जरा, मलाही यायचंय. दर बजेटला या लॅबसाठी मीही कान लावून बसायचे.”

“ये की पोरी. पर मथुरा, तुला धूर सोसंल का?”

“आता सोसंल. काडी इकडं द्या.”