मधली वायर

कल्याणच्या गॅरेजमध्ये टिपणीसबाई आपल्या स्कूटरची वाट बघत बाकावर बसल्या होत्या. त्यांच्या एका बाजूला काळुराम, दुसऱ्या बाजूला त्याची बायको चंद्रभागा. दोघांचा सकाळपासून अबोला होता, आणि गाडी बंद पडलेली.

“शेठ, ह्या नव्या गाडीत दोन कॉम्प्युटर असतात,” मेकॅनिक म्हणाला. “एक इंजिनाचा, एक गिअरचा. दोघं एकमेकांशी बोलत नाहीयेत.”

“बाई, ह्यांना विचारा, ते कॉम्प्युटर भांडले कशावरनं?” चंद्रभागा म्हणाली.

“बाई, हिला सांगा, मशीन आहे ती. माणूस नाय.”

“दोन्ही कॉम्प्युटर धडधाकट आहेत हो,” मेकॅनिक म्हणाला. “ मधल्या वायरीत पाणी गेलंय. इंजिनावर पाण्याचा पाइप मारलेला का कोणी?”

“बाई, ह्यांना विचारा, सकाळी पाइप घेऊन कोण नाचत होतं!”

“बाई, हिला विचारा, पोराच्या हळदीला गाडी चकाचक कोणाला पाहिजे होती!”

टिपणीसबाईंची मान टेबलफॅनसारखी फिरत होती.

मेकॅनिकनं वायर पुसून, सुकवून परत जोडली. गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. तेवढ्यात स्कूटरही तयार झाली, आणि बाई उठल्या.

“अहो बाई, चाललात कुठं?” दोघं एकदमच ओरडले. “संध्याकाळी हळद आहे. आम्ही बोलायचं कसं?”