सासूबाई आणि काचेची बोट

अंदमानला जाऊन आलो ना आम्ही, तर सासूबाईंचं सांगते. त्या दिवाळे गावच्या कोळीण, चाळीस वर्षं मासळी विकलेली. निघायलाच तयार नव्हत्या. “पानीच बगायचा तं दारात खाडी हाय,” म्हणाल्या. ह्यांनी कसंबसं विमानात बसवलं.

तिथल्या एका छोट्या बेटावर तळाला काच लावलेली बोट असते. आम्ही बसलो. पाणी इतकं नितळ की खालचे मासे अगदी हाताशी आल्यासारखे. मला वाटलं, आता सासूबाई एकेकाचं नाव आणि भाव सांगणार. पण त्या काचेवर वाकून नुसत्या बघत राहिल्या. बोट किनाऱ्याला लागली तरी उठेनात. मी घाबरले.

“आई, चक्कर येते का?”

“नाय गो. आक्खा जनम मासली कापली, पन तिला अशी खेलताना आज बगली.”

डोळे भरलेले बघून हे म्हणाले, “चल आई, मस्त जेवू या.” हॉटेलात ह्यांनी हौसेने तळलेली मासळी मागवली. ताट आलं, तसं सासूबाईंनी ते माझ्याकडे सरकवलं.

“मना वरन-भात सांग गो,” त्या हळूच म्हणाल्या. “त्यांची न माजी आजच वलख झालीय.”