पिंपळगावहून आलेली काच

रोहिणी : नाही मॅडम, थांबू नका. मी इथे आहे हे विसरा आणि रोज तपासणीची काच स्क्रीनवर पाहता तशीच पाहा.

डॉ. नसीम : विसरू कशी? माझ्या मागे खुर्ची टाकून बसलीयस. हॉस्पिटलचे सर्व्हर सांभाळणारी मुलगी पॅथॉलॉजीत येऊन बसली, की लोकांना वाटतं मी काहीतरी बिघडवलं.

रोहिणी : बिघडवलंय मीच. मागच्या आठवड्यात सेटिंग बदललं आणि तुमचा त्रास वाढला.

डॉ. नसीम : वाढला खरा. काच पटकन उघडते, पण जवळ जायला लागलं की स्क्रीनवर नुसते करडे चौकोन. ते भरायची वाट बघायची. आधी निदान दिवसभर असं नसायचं.

रोहिणी : मला वाटलं, लहान फायलीच तेवढ्या फ्लॅशवर ठेवाव्यात, मोठ्यांनी जागा अडवू नये. बहुतेक ठिकाणी ते चालतं. पण तुमची एकेक काच स्कॅन केली की केवढी मोठी फाईल होते.

डॉ. नसीम : हे फ्लॅश काय ते नीट सांग मला. मीटिंगमध्ये तू बोललीस तेव्हा सगळ्यांनी माना हलवल्या, म्हणून मीही हलवली.

रोहिणी : सगळ्या काचांचे स्कॅन तळघरातल्या एका मोठ्या साठ्यात असतात. इथली सगळी मशीनं तिथूनच वाचतात. शिवाय प्रत्येक मशीनला स्वतःची एक छोटी, वेगवान फ्लॅश डिस्क आहे. एकदा वाचलेलं तिच्यावर राहतं, म्हणजे पुन्हा लागलं तर तळघरापर्यंत जावं लागत नाही.

डॉ. नसीम : अच्छा, म्हणजे माझा ट्रे. स्कॅनर यायच्या आधी आम्ही तसंच करायचो. हाताशी लागणाऱ्या काचा टेबलावर ट्रेमध्ये, बाकीच्या रेकॉर्डरूमच्या कपाटात.

रोहिणी : अगदी तसंच. पण इतकी वर्षं तुम्ही कधी तक्रार केली नाहीत, मॅडम. आत्ताच का?

डॉ. नसीम : गेल्या महिन्यात आपल्या पिंपळगावच्या ऑपरेशन थिएटरमधून तेजस्विनीने काच स्कॅन करून पाठवली. ती सर्जन आहे तिथली. छातीच्या कॅन्सरची बाई टेबलावर, भूल दिलेली. काखेतल्या गाठीत कॅन्सर पोचलाय का, ते मी इथून सांगायचं आणि मग तिने पुढचं ठरवायचं. माझ्यासमोर करडे चौकोन. बाईंचं बीपी उतरायला लागलं. तेजस्विनीला थांबता येईना, तिने काखेतल्या सगळ्या गाठी काढल्या. तिच्या जागी मीही तेच केलं असतं. नंतर पाहिलं, तर गाठ स्वच्छ होती. काखेतल्या गाठी गेल्या की हात सुजू शकतो, तसा आता त्या बाईंचा सुजतो. द्राक्षांच्या पॅकहाऊसला कामाला होत्या, ते सुटलं.

रोहिणी : हे मला कुणी सांगितलं नाही.

डॉ. नसीम : तुझ्याकडे आलेल्या तक्रारीत ‘सिस्टीम स्लो’ एवढंच लिहिलेलं असणार.

रोहिणी : तेवढंच होतं. चालू ठेवा ना मॅडम. ही कुणाची काच?

डॉ. नसीम : सटाण्याच्या एक बाई आहेत, त्यांच्या पोटातला तुकडा. बघ, आधी लांबून. सगळा एका नजरेत घ्यायचा. इथे रंग गडद वाटतोय, म्हणून इथे जायचं. जवळ. अजून जवळ. ठीक. आता बाहेर. ही कड बघायची. आणि पुन्हा तिथेच.

रोहिणी : पुन्हा का?

डॉ. नसीम : कडेच्या पेशी बघितल्या की मघाशी पाहिलेल्या मनातल्या मनात बदलतात गं. म्हणून जाऊन ताडून बघायचं. घे, झाले चौकोन करडे.

रोहिणी : आत्ताच पाहिलेली जागा. हे माझ्या नव्या सेटिंगमुळे, मोठी फाईल ते ठेवतच नाही. पण त्याआधी तर सगळं ठेवायला सांगितलेलं होतं. तेव्हाही असंच व्हायचं?

डॉ. नसीम : दुपारी व्हायचं. सकाळी बरं असायचं.

रोहिणी : दुपारी. दुपारी आयुषचं काम चालतं.

डॉ. नसीम : कोण आयुष?

रोहिणी : संगणकाला काचा वाचायला शिकवतोय तो. त्याचा प्रोग्राम जुन्या काचा एकामागून एक वाचत जातो, आणि तेही तुमच्याच मशीनवर, कारण ते मोकळं दिसतं. वाचलेली काच त्याला लगेच पुन्हा लागत नाही. पण फ्लॅशला ते कुठून कळणार? ती प्रत्येक काच ठेवून घेते.

डॉ. नसीम : म्हणजे कपाटातल्या सगळ्या काचा माझ्या ट्रेमध्ये येऊन पडतात, आणि माझी जाते खाली.

रोहिणी : हो. मी फाईल केवढी आहे ते बघत राहिले. पुन्हा कुणाला लागणार आहे, ते बघायला हवं होतं.

डॉ. नसीम : मग काय, त्याला थांबवणार?

रोहिणी : कशाला? त्याचं काम दुसऱ्या मशीनवर नेते. तिथल्या फ्लॅशला सांगते, काचा ठेवू नकोस, कुठली फाईल कुठे आहे एवढंच लक्षात ठेव. आणि तुमच्या मशीनवर मोठ्या फायलीही राहू देते.

डॉ. नसीम : त्याचं काम रखडेल ना.

रोहिणी : नाही रखडणार. तो मागे वळून बघतच नाही, त्याला ट्रे असला काय आणि नसला काय.

डॉ. नसीम : एवढं सगळं तुला माझ्या मागे बसून दिसलं? कमाल आहे बेटा तुझी.

रोहिणी : तुमच्या हाताकडे बघून दिसलं. इतके दिवस मी आलेख बघत होते. माणूस काच अशी वाचतो, हे मला माहीतच नव्हतं. मॅडम, अजून एक पाहाल? मी काही बोलणार नाही.

(पुढच्या आठवड्यात, दुपारी. तीच खोली. फोन स्पीकरवर.)

डॉ. तेजस्विनी : नसीम मॅडम, पिंपळगावहून तेजस्विनी. काच पाठवलीय. आक्काबाई, चांदवडच्या. छातीची गाठ काढून झाली, काखेतली पहिली गाठ तुमच्यासमोर आहे. बाईंना दमा आहे. फार थांबता येणार नाही.

डॉ. नसीम : आली. उघडली.

रोहिणी : मी बाहेर जाऊ का?

डॉ. नसीम : बस.

डॉ. तेजस्विनी : कांद्याच्या खळ्यावर काम करतात त्या. सकाळी मला म्हणाल्या, ‘बाई, छातीचं काय बी करा, पन उजवा हात मला लागतोय.’

डॉ. नसीम : तेजस्विनी, जरा बोलू नकोस.

डॉ. तेजस्विनी : बरं.

डॉ. नसीम : ही कड. इथे काहीतरी वाटतंय. जवळ. हं. आता पलीकडची बाजू. परत.

रोहिणी : आयुषचं काम चालू आहे आत्ता.

डॉ. नसीम : त्याचं काम चाललंय हे इथे कळतही नाहीये.

रोहिणी : कळायला नकोच.

डॉ. नसीम : बाहेर. वरची कड. परत तिथे. मध्ये बघू. परत.

डॉ. तेजस्विनी : मॅडम, भूलतज्ज्ञ विचारतायत.

डॉ. नसीम : जरा सबर. परत एकदा. हं. तेजस्विनी, गाठ स्वच्छ आहे. काखेत जाऊ नकोस.

डॉ. तेजस्विनी : नक्की ना?

डॉ. नसीम : नक्की. सगळी पाहिली.

डॉ. तेजस्विनी : मग टाके घालते. आज लवकर सांगितलंत, मॅडम.

डॉ. नसीम : वेळ तेवढाच लागला. फक्त आज तो काचेवर गेला, वाट बघण्यात नाही. रोहिणीचं काम आहे ते, इथे बसलीय.

डॉ. तेजस्विनी : रोहिणी, आक्काबाई शुद्धीवर आल्या की तुमचं नाव सांगते त्यांना.

रोहिणी : मी काय केलं ते त्यांना कसं समजावणार?

डॉ. तेजस्विनी : समजावत नाही. हात वर करायला सांगते. ठेवते फोन.

रोहिणी : मॅडम, ती कडेची जागा. काय होतं तिथे?

डॉ. नसीम : काही नव्हतं. रंग जरा जास्त चढला होता, एवढंच. पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच तसं वाटलं होतं मला.

रोहिणी : मग इतक्या वेळा परत का गेलात?

डॉ. नसीम : जाता येत होतं म्हणून.