डावं टेबल

नाही हो सर, पडदा तुमचा ठणठणीत आहे, काल बघितलाच की मी. काल तुम्ही नुसता पडदाच उचलून आणलात, उशीच्या अभ्र्यात गुंडाळून — हसत नाहीये मी, सगळेच आणतात. जे दिसतं त्यालाच माणूस कॉम्प्युटर समजतो. पडदा बिचारा नुसता दाखवायचं काम करतो, त्याच्या पोटात काही नसतं. जे काय आहे ते ह्या खोक्यात. ठेवा — नाही, नाही, तिथे नको! डाव्या टेबलावर नको. ह्या उजव्या टेबलावर ठेवा. मी ओरडले का? चुकलं. बसा. त्या स्टुलावर बसा, त्याचा एक पाय हलतो, तेव्हा भिंतीला टेकून बसा.

तर तीन वेळा वाजतं आणि पुढे काळोख. असंच ना? थांबा, वायर लावून ऐकते. — हं. पीं, पीं, पीं. ऐकलं. बास, पुन्हा नको. नाही सर, तुमच्या प्रश्नपत्रिका कुठे जात नाहीत. गेल्या असत्या तर सांगितलं असतं. म्हणजे — सांगितलं असतं. बसा तुम्ही. आत्ता बारा वीस झालेत, एक वाजता माझी वहिनी येणार आहे, तोवर तुमचं होतंय. मलाही हाताला काहीतरी लागतंच.

हे दोन स्क्रू काढले की झाकण निघतं. बघा, या जवळ, घाबरता काय, चावत नाही. हा मोठा हिरवा पत्रा दिसतो ना, हा मदरबोर्ड, सगळे ह्याच्यावर बसलेले, सगळ्यांची बोलाचाली ह्याच्यातून. हा कोपऱ्यातला डबा म्हणजे वीज — भिंतीतली वीज रांगडी असते, हा तिला माणसात आणून आत सोडतो. आणि ह्या पंख्याखाली प्रोसेसर. अख्खं गणित हा करतो. तापतो लवकर म्हणून डोक्यावर पंखा. हुशार आहे, पण लक्षात काही ठेवत नाही, समोर आलं ते करायचं आणि पुढचं घ्यायचं. मी सध्या तशीच आहे. आणि हे बटणाएवढं गोल, हा सेल. वीज काढून खोकं माळ्यावर टाकलंत ना, तरी आतलं घड्याळ ह्या एवढ्याशा सेलवर चालू राहतं. कोणी बघायला नसलं तरी.

आता तुमच्या कामाचं. ही उभी पट्टी — ही रॅम. आणि ही खालची चपटी डबी — ही डिस्क. लक्षात ठेवणाऱ्या दोघीच, पण दोघींचं ठेवणं वेगळं. तुम्ही मास्तर, तुम्हाला काय सांगायचं — रॅम म्हणजे फळा. तासाला लिहायचं, घंटा झाली की पुसायचं. वीज गेली की फळा कोरा. डिस्क म्हणजे वही. शाळा बंद झाली, मुलं घरी गेली, तरी वहीतलं वहीत. आणि तीन वेळा वाजणं म्हणजे ह्या मशीनच्या भाषेत, ‘फळा सापडत नाही’. वहीबद्दल ते काही बोलतच नाहीये. वही आहे तशी आहे. कळलं ना? लगेच कळतं हो, पाच मिनिटांत कळतं, नीट सांगितलं तर.

बघू, आधी धूळ काढते. ब्रश — कुठे गेला — हां. तुमच्या पंख्यात पांढरं आहे सर, खडू. घरी फळा आहे ना? खोलीत शिकवणी घेता? बघा. आतली धूळ माणूस सांगते. न्हाव्याच्या मशीनमध्ये केस निघतात, बेकरीवाल्याच्या मशीनमध्ये पीठ. माझा दादा झाकण उघडून नुसता वास घ्यायचा आणि म्हणायचा, पिठाची गिरणी. पैज लावायचा माझ्याशी. दुकान आम्हा दोघांचं. तो पुढे बसायचा, माणसांशी बोलायचा. मी मागे, मशीनशी. माणसांशी बोलायला मी आता आता लागले. आठ महिने झाले. म्हणून जरा जास्त बोलते, प्रमाण कळत नाही.

नाही, आजारी नव्हता. सकाळी चहा प्यायला आणि कपबशी विसळताना बसला खाली. असू दे ते.

डावं टेबल? ते पुसायचं टेबल. म्हणजे कोणी जुनं मशीन विकायला काढलं की त्याची डिस्क पुसून द्यायची. नुसतं डिलीट नव्हे, डिलीट म्हणजे अनुक्रमणिका फाडणं, पानं राहतातच. आम्ही पान न् पान शून्यांनी भरतो. एका बाईंचे घरचे फोटो कुठल्या तरी परक्या माणसाच्या हाती लागले होते पूर्वी, आमच्या दुकानातून गेलेल्या मशीनमधून. दादा तेव्हा दोन दिवस जेवला नव्हता. तेव्हापासून त्याचा नियम — उजव्या टेबलावर ठेवलं ते दुरुस्त करायचं, डाव्या टेबलावर ठेवलं ते पुसायचं. आणि आत बघायचं नाही. काहीही झालं तरी गिऱ्हाइकाचं आतलं बघायचं नाही. चांगला नियम आहे. मी अजूनही पाळते.

तो गेल्यावर आठव्या दिवशी मी दुकान उघडलं. लोक म्हणाले, थांबायचं होतं अजून. थांबून काय करायचं? घरी सगळे माझ्याकडे बघायचे. इथे कोणी बघत नाही. त्या दिवशी एका क्लासची सहा मशीनं आलेली पुसायला, सगळी काळी, सगळी सारखी. मी नेहमीसारखी आधी सगळ्यांची झाकणं काढून ठेवली, डाव्या टेबलावर ओळीनं लावली, आणि चहा आणायला गेले. आणि तेवढ्यात वहिनीनं शेजारच्या माणसाबरोबर दादाचं घरचं मशीन पाठवलं. मी नव्हते, तर पलीकडच्या झेरॉक्सवाल्यानं घेतलं ठेवून. चांगला माणूस आहे. जागा दिसली तिथे ठेवलं. वर सगळ्यांची झाकणं काढलेली बघून ह्याचंही काढून ठेवलं, तेवढीच ताईंना मदत.

वहिनीनं फोन केला होता सर. असं नाही की केला नव्हता. म्हणाली, "अगं, मशीन पाठवलंय, तीनदा वाजतं आणि बंद पडतं, बघशील का?" मी म्हटलं, हो. म्हणाली, "त्यात ह्यांचं वाचलेलं आहे गं सगळं." मी म्हटलं, हो हो. ऐकलं मी. शब्द न् शब्द ऐकला, आत्ता तुम्हाला सांगतेय ना तसाच. पण फळ्यावर राहिला, वहीत उतरला नाही.

वाचलेलं म्हणजे — वहिनी कपडे शिवते. दिवसभर मशीनवर मान खाली. पुस्तकांची भारी हौस, पण हात रिकामे नाहीत आणि डोळे शिवणात. तर दादा रोज सकाळी दुकानाला यायच्या आधी अर्धा तास मोठ्यांदा वाचायचा आणि ते रेकॉर्ड करून ठेवायचा. दिवसभर ती शिवता शिवता ऐकायची. चार वर्षं. वाचताना मधेच खोकायचा, मधेच "अगं, दूध उतू जातंय" म्हणायचा, तेही त्यातच. ती ते कापू द्यायची नाही. शेवटचं पुस्तक अर्ध्यावर आहे. होतं.

द्या ते खोडरबर. ते काय, तुमच्या कोपराजवळ. हो हो, शाळेतलंच. पट्टीच्या ह्या पिवळ्या दातांवर हवेनं काळं चढतं, मग ती आणि मदरबोर्ड एकमेकांना ओळखत नाहीत. खोडरबरानं हळूच घासायचं, एका दिशेनं. एवढाच आजार. एवढाच.

सात मशीनं होती टेबलावर. मी मोजली नाहीत. टेबलावर आहेत म्हणजे पुसायची. धूळ काढायला बसले. आणि एकाच्या पंख्यात धागे होते सर. लाल, निळे, एक जरीचा. पंख्याच्या दांडीला गुंडाळले गेलेले. क्लासच्या मशीनमध्ये धागे कुठून येणार? मी चिमटा घेतला आणि एकेक ओढून काढले. जरीचा तुटत नव्हता, तो कात्रीनं कापला. व्यवस्थित कागदावर ठेवले. दादा असता तर लांबूनच म्हणाला असता, शिंपी. मी म्हटलं नाही. सातही डिस्का काढल्या, पुसायच्या यंत्राला जोडल्या आणि डबा खाल्ला. शंका आली असती तर आत डोकावता आलं असतं — पण डोकावायचं नाही. नियम.

संध्याकाळी डिस्का परत बसवून एकेक चालू करून बघायला लागले. पहिलं चालू. दुसरं चालू. पाचवं तीनदा वाजलं. तेव्हा मला वहिनीचा फोन ऐकू आला. सकाळचा.

रडले वगैरे नाही. पट्टी काढली, खोडरबरानं घासली, परत बसवली. सुरू झालं की लगेच. पडद्यावर आलं, ‘डिस्कवर काही नाही’. मी ते वाचलं. मग झाकण लावलं आणि चारही स्क्रू नीट पिळले. आम्ही दोनच लावतो एरवी.

वहिनीला म्हटलं, डिस्क जळाली. काही निघालं नाही.

ती म्हणाली, "असू दे गं, तू काय करणार." आणि दुसऱ्या दिवसापासून माझा डबा आणायला लागली. रोज एक वाजता. आठ महिने. मी नीट जेवत नाही असं तिला वाटतं. त्या स्टुलावर बसते, मी खाते ते बघते आणि डबा विसळून नेते. एकदा मी म्हटलं, वहिनी, नको आणूस. तर म्हणाली, "मग मी दुपारी काय करू? घरात आवाज नाही."

आज ती डिस्क न्यायला येतेय. कोणीतरी तिला सांगितलं, एका मोठ्या शहरात जळालेल्या डिस्कमधूनही काढून देतात. काढतात हो, खरंच काढतात. जळालेल्यातून निघतं. पुसलेल्यातून नाही निघत. तिथला माणूस डिस्क लावेल आणि दोन मिनिटांत सांगेल, बाई, ही तर धडधाकट आहे, ही कोणीतरी पुसलीय, बसून पुसलीय. तीनची गाडी आहे तिची. खर्चासाठी सोन्याची बांगडी मोडून आलीय, असं मला झेरॉक्सवाल्याकडून कळलं, तिनं नाही सांगितलं.

ह्या दोन डिस्का? हो, दोन आहेत. ही डावीकडची दादाची. आणि ही दुसरी — ही त्याच कंपनीची, त्याच मापाची, खरोखरची जळालेली. खालच्या खणात अशा पाच-सहा पडून असतात, त्यातून शोधून काढली काल. का काढली म्हणजे? सर, तुम्ही मुलांना असे प्रश्न विचारता का? ही दिली तर तिथला माणूस महिनाभर ठेवून घेईल आणि म्हणेल, नाही निघत, फार जळलीय. ती म्हणेल, असू दे. परत डबा घेऊन येईल. कोणाचं काय बिघडलं? — किंवा निघेल काहीतरी. कुणाच्या तरी घरचे फोटो. आणि ती ते उघडून बसेल, ह्यांचा आवाज कुठे आहे म्हणून शोधत.

चला. पट्टी बसली. ‘कट्’ ऐकू आलं ना, तसं दोन्ही बाजूंनी यायला हवं. आता वायर. — एकदाच वाजलं. एकदा म्हणजे सगळे हजर. आला बघा पडदा. मी तिकडे तोंड करते, तुम्ही उघडून बघा तुमच्या प्रश्नपत्रिका. आहेत? सहावीची, सातवीची, सगळ्या? बरं झालं. घरी गेल्या गेल्या पहिलं काम, ह्याची एक प्रत दुसऱ्या कशावर तरी काढून ठेवा. आज. उद्या नको. आम्ही सगळ्यांना सांगतो हे, दादानं तर पाटीच लावलीय बाहेर, बघितलीत ना? स्वतःच्या घरी नाही केली. मीही नाही केली. दुकानदार लोक.

किती वाजले? पाच कमी. ती वेळेवर येते. ती कोपऱ्यावर दिसतेय ना, निळी पिशवी — तीच. पिशवीत डबा आहे. आजही आणलाय बघा.

सर, एक करा. ही डिस्क घ्या. ही नव्हे, ही दुसरी, जळालेली. मुलांना दाखवा वर्गात — स्क्रू काढा, आत आरशासारखी तबकडी आहे, तोंड दिसतं. घ्या हो. खिशात घाला. लवकर घाला. आता मी परत मागितली तरी देऊ नका.

नाही, पैशांचं उद्या. आत्ता नको.

ये वहिनी. हो, आहे, डिस्क आहे इथेच. देते. आधी बस. स्टुलावर नको गं, पाय हलतो त्याचा, माझ्या खुर्चीवर बस. डबा राहू दे. तुला मी आधी काहीतरी दाखवते, हे झाकण उघडलेलं आहे तोवर — हे बघ, ही पट्टी, आणि ही —

नको. खोकं राहू दे सर. उद्या न्या. निघा तुम्ही. आणि जाताना दार ओढून घ्या.