शंभर टक्के तुमची चूक!

अगं, माझ्या नवऱ्याइतकं, अजितइतकं मोठं मन अख्ख्या सिंगापुरात कुणाचं नसेल! जहाजावरचा चीफ इंजिनियर, नटबोल्टचीसुद्धा नोंद ठेवणारा. सहा महिन्यांसाठी बोटीवर जाताना मला म्हणाला, "गाडी खाली उभीच राहणार, विमा कशाला चालू ठेवायचा?" आणि बंद करून टाकला.

परत आला आणि दुसऱ्याच दिवशी मला घेऊन बुकित तिमाहला निघाला. सिग्नलला थांबलो होतो, तर मागून टॅक्सीनं धाडकन ठोकलं. डिक्कीचा पार चेंदामेंदा.

अजित गरजतच उतरला. "शंभर टक्के तुमची चूक! पोलिसांना बोलावतो!"

टॅक्सीवाले अंकल इथल्या सिंगापुरी ढंगात शांतपणे म्हणाले, "माझीच चूक, लाह. रिपोर्ट करू, सगळी भरपाई मिळेल. फक्त तुमच्या विम्याचा नंबर द्या."

अजितनं पोलिसांसाठी काढलेला फोन परत खिशात टाकला. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणलेली. भरपाई राहिली बाजूला, आधी याचंच लायसन्स गेलं असतं.

"जाऊ द्या हो अंकल, होतं कधीकधी."

"नाही, नाही! मी प्रामाणिक माणूस आहे. रिपोर्ट करणारच!"

मग काय, ज्यानं ठोकलं त्याच्या विनवण्या आमचे साहेब करतायत! शेवटी अंकल विरघळले. अजितचा हात धरून म्हणाले, "यू व्हेरी गुड मॅन, लाह."

डिक्की दोरीनं बांधून घरी आलो. दार लागताच गुड मॅन माझ्याकडे वळला.

"शंभर टक्के तुझी चूक. सकाळी निघताना विम्याची आठवण करता येत नव्हती?"